गाळ्यापासून गोदामापर्यंत

व्यापार म्हटला की भांडवल आठवते. ज्याच्या गाठीला पैसा, त्याने दुकान थाटावे, असा आपला सर्वसाधारण समज. परंतु चीनमधील 'जिंगडोंग' या कंपनीची वाटचाल पाहिली म्हणजे व्यापारात पैशाहूनही दुर्मिळ असे एक भांडवल असते, हे ध्यानात येते. ते म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास.

या कंपनीचे संस्थापक लिऊ छियांगडोंग हे जिआंगसू प्रांतातील एका गरीब खेड्यातले. १९९२ साली ते पेकिंगच्या रेनमिन विद्यापीठात शिकायला निघाले, तेव्हा गावाने वर्गणी काढून ५०० युआन आणि ७६ अंडी बरोबर दिली, असे ते स्वतः सांगतात. त्यांचा विषय होता समाजशास्त्र. विद्यार्थिदशेतच त्यांनी एक उपाहारगृह विकत घेतले, पण नोकरांच्या अफरातफरीने ते बुडाले आणि डोक्यावर कर्ज झाले. मग नोकरी करून त्यांनी ते फेडले, आणि १८ जून १९९८ रोजी शिलकीतल्या १२,००० युआनवर झोंगग्वानत्सुन या संगणकबाजारात एक छोटासा गाळा घेतला.

तेथे ते सीडी तयार करण्याची यंत्रे व तत्सम माल विकत. या बाजारात नकली माल आणि घासाघीस हा नित्याचा व्यवहार होता. लिऊ यांनी मात्र अस्सल माल, एकच भाव आणि पक्की पावती हा नेम ठेवला. हळूहळू गाळ्याची १२ दुकाने झाली.

२००३ साली सार्सची साथ आली. रस्ते ओस पडले, दुकाने बंद करावी लागली. तेव्हा त्यांच्या माणसांनी इंटरनेटवर मालाची माहिती लिहायला सुरुवात केली. पण न पाहिलेल्या माणसाला आधी पैसे कोण पाठवणार? अशा वेळी एका संकेतस्थळाच्या चालकाने लिहिले, की या दुकानाने आपल्याला कधी नकली माल दिलेला नाही. त्या एका शब्दावर पहिली गिऱ्हाइके आली. पाच वर्षांचा प्रामाणिकपणा असा उपयोगी पडला.

२००४ च्या आरंभी कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ सुरू झाले. पुढे बहुतेक उत्पन्न दुकानांतून येत असतानाही लिऊ यांनी ती बंद केली. इंटरनेटवरच्या खरेदीत वस्तू हाताळून पाहता येत नाही; म्हणून वस्तू खरी असणे, ती वेळेवर येणे आणि न फुटता येणे, यांवरच सारा भरवसा असतो. पोहोचवण्याबद्दलच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २००७ पासून कंपनीने स्वतःची गोदामे आणि स्वतःची पोहोचवणारी माणसे ठेवण्याचे ठरवले. हा मार्ग फार खर्चाचा होता. कित्येक वर्षे तोटा सोसावा लागला. पण २०१० मध्ये कंपनीने सकाळी ११ पर्यंत मागितलेला माल त्याच दिवशी घरी देण्याची हमी दिली. २०१४ साली तिचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात आले. २०२४ अखेर तिच्या पदरी पाच लाखांहून अधिक माणसे होती.

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या झोंगग्वानत्सुनने लिऊ यांना पहिला गाळा दिला, तेथील गजबज अशा घरपोच व्यापारामुळेच ओसरत गेली. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी पोहोचवणारा माणूस ऊनपाऊस न पाहता घड्याळाशी शर्यत लावतो, हेही विसरता येत नाही. छोटा दुकानदार मोठा झाला, की इतर छोट्यांचे काय होते? हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही आहे.

कला शाखेत शिकून काय करणार, असे आपल्याला घरीदारी विचारले जाते. समाजशास्त्राच्या पदवीने लिऊ व्यापारी झाले, असे मी म्हणणार नाही. पण माणूस कोणावर आणि का विश्वास ठेवतो, हे ज्याला उमगले, त्याला गाळा लहान असला तरी चालतो, एवढे या हकिकतीवरून निश्चित दिसते.