गांवची घरपट्टी: आकारणी व अपील

आपल्या शेताचा सारा किती, हें खातेदारास तोंडपाठ असतें. परंतु राहत्या घरावरील पट्टी कोणत्या हिशेबानें बसली असें विचारलें, तर बहुतेक जण पावतीवरील आंकडा दाखवून थांबतात. हिशेब ठाऊक नसल्यामुळें रास्त पट्टीविषयीं कुरकुर होते आणि खरोखर चुकलेली पट्टी मुकाट्यानें वर्षानुवर्षें भरली जाते.

महाराष्ट्रांत ग्रामपंचायतींस हा कर बसविण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नें दिलेला आहे. त्यांतील एक भेद शेतकऱ्यानें नीट ध्यानांत ठेवावा. ज्या जमिनीवर शेतसारा आहे ती जमीन या करांतून सुटते. तिजवरील इमारत मात्र सुटत नाहीं. म्हणून मळ्यांत घर बांधून राहणाऱ्यास 'ही जमीन साऱ्याची आहे' एवढ्यावर पट्टी टाळतां येणार नाहीं. उलट, घराभोंवतींच्या साऱ्याच्या जमिनीवरही पट्टी धरली असेल, तर हरकत घेण्यास त्यास चांगला आधार आहे.

आकारणीची रीत १९६० च्या कर व फी नियमांत सांगितली आहे. डिसेंबर २०१५ मध्यें या नियमांत दुरुस्ती होऊन इमारतीचें भांडवली मूल्य हा पट्टीचा पाया ठरला. तें मूल्य असें काढतात: इमारतीचें क्षेत्रफळ घेऊन त्यास जमिनीच्या वार्षिक मूल्यदरानें गुणावें, तेंच क्षेत्रफळ बांधकामाच्या दरानें गुणून इमारतीच्या वयोमानाप्रमाणें घसाऱ्याच्या गुणकानें कमी करावें, दोहोंची बेरीज करून तिला वापराचा भारांक लावावा. राहत्या घराचा भारांक एक, दुकान अगर कारखाना यांचा त्याहून अधिक. या मूल्याच्या दर हजार रुपयांस कांहीं पैसे याप्रमाणें पट्टी निघते. हा दर नियमांतील किमान व कमाल मर्यादांमध्यें पंचायतीनें ठरवावयाचा असतो.

हिशेब करून पाहिल्याविना हें पुरतें उमजत नाहीं. समजा, ३० फूट लांब व २० फूट रुंद घर आहे. क्षेत्रफळ ६०० चौरस फूट, म्हणजे सुमारें ५५.७४ चौरस मीटर. पुढील दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत: जमीन ५०० रुपये, बांधकाम १०,००० रुपये दर चौरस मीटरला, घसाऱ्याचा गुणक ०.६० व पट्टी हजारीं एक रुपया. जमिनीचे झाले २७,८७० रुपये, बांधकामाचे ३,३४,४४०. एकूण ३,६२,३१० व पट्टी सुमारें ३६२ रुपये. आतां हेंच जुनें घर दप्तरांत नवें म्हणून लिहिलें गेलें आणि घसारा मुळींच मिळाला नाहीं, तर मूल्य ५,८५,२७० होऊन पट्टी ५८५ वर जाते. याउलट जमिनीचा दर निम्मा धरला, तरी पट्टींत अवघ्या चौदा रुपयांचा फरक पडतो.

यावरून भांडण कोठें करावें तें दिसून येतें. गांवकरी बहुधा जमिनीच्या दरावर वाद घालतात. तो दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या तक्त्यांतून येतो आणि पंचायतीस त्यांत फेरफार करतां येत नाहीं. खेड्यांत पट्टीचा मोठा भाग बांधकामाच्या जातीवर व वयावर उभा असतो. कौलारू अथवा पत्र्याचें मातीच्या भिंतींचें घर सिमेंट-सळईचें म्हणून लिहिलें आहे काय, पडून गेलेली पडवी अजून मोजमापांत आहे काय, घराचें वय खरें धरलें आहे काय, ओसरीवरील बंद पडलेलें दुकान अद्याप दुकानच आहे काय, हें आधीं पाहावें. चौरस फुटांचा आंकडा चौरस मीटर समजून धरला गेला, तर पट्टी सुमारें पावणेअकरा पट होते. अशी चूक हास्यास्पद वाटेल, पण ती पकडावयास फूटपट्टीपलीकडे कांहीं लागत नाहीं.

या सर्व नोंदी पंचायतीच्या नमुना ८ मध्यें असतात. आकारणी दर चार वर्षांनीं नव्यानें होते. त्या वेळीं यादी प्रसिद्ध करून हरकती मागवितात. जाहिरातीवरील शेवटची तारीख लिहून ठेवावी व हरकत लेखी द्यावी. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाहीं. अर्जांत 'पट्टी फार आहे' असें मोघम लिहूं नये. दप्तरांतील माप अमुक, प्रत्यक्ष माप अमुक, बांधकाम अमुक वर्षाचें, असें लिहून छायाचित्र व जुन्या पावत्यांच्या नकला जोडाव्या आणि आपल्या प्रतीवर पोंच घ्यावी.

पंचायतीनें दाद दिली नाहीं, तर पंचायत समितीकडे अपील चालतें. तेथील निकालही मान्य नसेल, तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे दुसरें अपील आहे व तिचा निर्णय अखेरचा मानला जातो. अपील केलें म्हणून वसुली आपोआप थांबली असें कोणीं समजूं नये. रक्कम तक्रारीसह भरीत असल्याचें लेखी कळवून भरणें आमच्या मतें अधिक शहाणपणाचें. थकबाकीदार या नांवानें समितीपुढें उभें राहणें बरें नव्हे.

भांडवली मूल्याचा वाद शहरांतही झाला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या नियमांविषयीं सर्वोच्च न्यायालयानें ७ नोव्हेंबर २०२२ रोजीं निकाल दिला. जागेवर पुढें किती बांधतां येईल हें धरून आज मूल्य काढतां येत नाहीं, असें त्यांत ठरलें. तो निकाल त्या महानगरपालिकेच्या नियमांपुरता आहे. तरी आहे त्या स्थितींतील घरावरच कर बसावा, हें म्हणणें गांवच्या अपिलांतही मांडण्याजोगें आहे.

आणखी एक गैरसमज. वाटणीच्या तंट्यांत नमुना ८ चा उतारा मालकीचा दाखला म्हणून पुढें करतात. तो कराचा कागद आहे. त्यावर नांव असल्यानें मालकी सिद्ध होत नाहीं व नसल्यानें ती जात नाहीं. असें असलें तरी वडिलांच्या पश्चात् वारसांनीं तेथील नांव बदलून घेण्यास आळस करूं नये, कारण बिल व नोटीस त्याच नांवानें निघते, आणि मयताच्या नांवें निघालेली नोटीस हातीं पडेपर्यंत हरकतीची मुदत संपूनही गेलेली असते.