करसल्ल्याच्या पेढीतील मराठी

हिशेब आणि करसल्ला यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या कौटुंबिक पेढीचा विचार सामान्यतः वाणिज्याचे अभ्यासक करतात. भाषेच्या अभ्यासकाची दृष्टी तिकडे क्वचितच वळते. वस्तुतः अशा पेढीत दिवसभर जे काम चालते त्याचा मोठा भाग भाषांतराचा असतो. अशील आपल्या व्यवहाराची हकीकत बोलीत सांगतो. ती अधिनियमाच्या परिभाषेत बसवून विवरणपत्रात उतरवावयाची, आणि प्राप्तिकर खात्याकडून आलेले पत्र पुन्हा त्याच्या बोलीत उलगडून सांगावयाचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. बेरीज-वजाबाकी आता यंत्र करते; हे भाषांतर मात्र माणसाला करावे लागते. ते चुकले तर भुर्दंड अशिलाला पडतो, कारण विवरणपत्रातील मजकूर खरा असल्याचे सत्यापन त्याचे असते, पेढीचे नव्हे. मजकूर इंग्रजीत आणि हमी मराठी माणसाची, अशी ही स्थिती होय.

महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या गावी वडील, मुलगा वा मुलगी आणि कधी सून अशा दोन पिढ्या एकाच पेढीत बसलेल्या दिसतात. तथापि ही पेढी शेतजमिनीसारखी वारसाहक्काने मिळत नाही. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाप्रमाणे पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन सभासद झाल्यावाचून लेखापालाच्या मुलालाही सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करता येत नाही. विहित पात्रता नसलेल्या कुटुंबीयाला नफ्यात वाटेकरी करता येत नाही. दिवंगत भागीदाराच्या कायदेशीर वारसापुरती काय ती मुभा आहे. तेव्हा पुढच्या पिढीला आयता मिळतो तो अशिलाचा विश्वास आणि त्याच्याशी बोलण्याची रीत. 'तुमच्या वडिलांना सगळे ठाऊक आहे' एवढ्या वाक्यावर अर्धी हकीकत न सांगताच राहते. या विश्वासाची सोय आणि त्याचा धोका दोन्ही याच वाक्यात आहेत.

पेढीतील शब्दसंपत्तीचे थर सहज ओळखता येतात. सर्वांत खालचा थर फारसी-अरबी मुळाचा: हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रोजकीर्द. राज्यव्यवहारकोशाने शिवकालात कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी दुकानाच्या वहीतले हे शब्द तसेच राहिले. त्यावर स्वातंत्र्योत्तर काळातील घडवलेली परिभाषा आहे: विवरणपत्र, वजावट, करनिर्धारण, सत्यापन. आणि सर्वांत वर, प्रत्यक्ष तोंडी असलेले इंग्रजी: रिटर्न, रिफंड, ऑडिट, नोटीस. मधला थर छापील कागदावर आढळतो, बोलण्यात जवळजवळ नाही. परिणामी वहीच्या मराठीतून थेट इंग्रजीत उडी घ्यावी लागते.

ही उडी किती अवघड असते हे 'जमा' आणि 'नावे' या जोडीवरून दिसते. परंपरागत कीर्दीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. रोकड आली की ती ज्याच्याकडून आली त्याच्या खाती जमा, आणि ज्याला दिली त्याच्या नावे. येथे शब्द माणसाच्या खात्याविषयी बोलतो, रोकडीविषयी नव्हे. पाश्चात्त्य द्विनोंदी पद्धतीत रोकडीलाही स्वतंत्र खाते असते आणि आलेली रक्कम त्या खात्याच्या डाव्या, म्हणजे नावेच्या बाजूस पडते. अशिलाला 'तुमच्या रोख खात्याला रक्कम नावे टाकली' असे सांगितले तर तो दचकतो. पैसे आले असताना ते नावे कसे? बँकेच्या खातेपुस्तकात तो 'जमा' वाचतो, पण ती बँकेच्या वहीतील त्याची जमा असते. त्याच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँकेच्या नावे लिहिली जाते. शब्दाचा अर्थ येथे वही कोणाची यावर ठरतो. व्याकरणात 'मी' आणि 'तू' बोलणाऱ्यानुसार बदलतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

'सूट' या शब्दाचे दुखणे वेगळे आहे. कायद्यात तीन भिन्न गोष्टी आहेत. काही उत्पन्न मुळातच एकूण उत्पन्नात धरले जात नाही. काही रकमा धरलेल्या उत्पन्नातून वजा होतात. आणि काही सवलत आकारलेल्या करातून कमी होते. अशील तिन्हींना 'सूट' म्हणतो. विम्याच्या हप्त्याची 'सूट' मिळते म्हणजे तेवढा कर वाचतो, अशी समजूत त्यातूनच उद्भवते. उत्पन्नातून दहा हजारांची वजावट म्हणजे करातून दहा हजारांची घट नव्हे, हे समजावण्यात पेढीचा बराच वेळ जातो. शिवाय ती वजावट करदात्याने निवडलेल्या कररचनेत मिळते की नाही हा प्रश्न उरतोच. 'रिटर्न'ची कथा तशीच. 'रिटर्न भरले का?' यात विवरणपत्र अभिप्रेत असते आणि 'रिटर्न आले का?' यात परतावा. क्रियापद बदलते म्हणून संदर्भ निभावतो, इतकेच.

कालवाचक शब्दांतही असाच घोळ होता. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात उत्पन्न ज्या वर्षी मिळाले ते 'मागील वर्ष' आणि त्याची आकारणी ज्या वर्षी होते ते 'करनिर्धारण वर्ष'. चालू असलेल्या वर्षालाच मागील म्हणावयाचे, ही गोष्ट बोलीला पटणारी नव्हती. शिवाय पूर्वी अनेक व्यापाऱ्यांचे हिशेबी वर्ष दिवाळीला बदलत असे. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून ३१ मार्चला संपणारे वर्ष सर्वांना सक्तीचे झाले, आणि वहीपूजन दिवाळीतच राहिले. २०२५ मध्ये संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या अधिनियमाने ती जोडी काढून एकच 'कर वर्ष' आणले. अधिनियमाने बोलीच्या दिशेने टाकलेले असे पाऊल विरळाच.

सर्वाधिक जोखमीचा शब्द मात्र इंग्रजी नाही, संस्कृतही नाही. तो 'शेती' हा आहे. राज्यघटनेने शेती-उत्पन्नावरील कर राज्यांच्या सूचीत ठेवला असल्याने केंद्राचा प्राप्तिकर त्यावर लागत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असते. पण त्याच्या 'शेती'त काय काय येते? ऊस आणि द्राक्षे येतात, तशी गोठ्यातील दुभती जनावरे आणि परसातील कोंबड्याही येतात. जोडधंदा हा शब्दच मुळी त्यांना शेतीला जोडतो. कायदा त्यांना जोडत नाही. दूध आणि अंडी यांचे उत्पन्न त्याच्या दृष्टीने धंद्याचे आहे. 'खंड' या शब्दाची गंमत याहून सूक्ष्म आहे. एक तुकडा कसण्यासाठी खंडाने दिला तर ते उत्पन्न शेतीचे. शेजारचाच तुकडा वीटभट्टीला दिला तर नव्हे. देणारा दोन्हींना 'खंड' म्हणतो, आणि पेढीतला नवखा मदतनीस दोन्हींना 'भाडे' समजतो. पहिल्या शब्दाने करपात्र रक्कम सुटते, दुसऱ्याने करमुक्त रकमेवर कर पडतो.

आणखी एक पेच आहे. 'कर लागत नाही' याचा अर्थ अशील 'सांगावे लागत नाही' असा करतो. १९७३ च्या वित्त अधिनियमापासून व्यक्तीचे निव्वळ शेती-उत्पन्न ठरावीक रकमेहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर दर ठरविण्यापुरते शेती-उत्पन्न हिशेबात घेतले जाते. दोन्हींच्या बेरजेवर कर काढावयाचा, आणि शेती-उत्पन्न अधिक करमुक्त मर्यादा एवढ्या रकमेवरील कर त्यातून वजा करावयाचा. शेतीवर कर बसत नाही, पण उरलेल्या उत्पन्नाला वरचा दर लागू शकतो.

येथे 'दाखवणे' हे क्रियापद येते. मराठीत उत्पन्न 'दाखवतात'. 'यंदा किती दाखवायचे?' हा प्रश्न पेढीत नित्याचा आहे आणि तो विचारणारा बहुधा लबाड नसतो. पण 'दाखवणे' यात आत एक आणि बाहेर एक अशी छटा आधीच आहे. 'दाखवण्यापुरते' हा प्रयोग तिची साक्ष देतो. प्रश्नच असा की उत्तर निवडीचे वाटावे. कायद्याला हा शब्द चालत नाही. २०१६ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या अधिनियमात घातलेल्या तरतुदीप्रमाणे उत्पन्न कमी कळविल्यास त्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के आणि चुकीचे कथन करून कमी कळविल्यास २०० टक्के दंड ठरविण्यात आला. बोलीत दोन्हींना 'दाखवले नाही' एवढेच नाव. दोहोंत अंतर मात्र चौपट दंडाचे.

जुन्या पेढीतील अनुभवी माणूस म्हणून 'किती दाखवायचे' याला उत्तर देत नाही. तो 'कुठून कुठून काय आले' असे विचारतो. दूध कोणत्या संघाला घातले, जमीन कोणाला व कशासाठी दिली, मुलाने घरी किती पाठवले, असे एकेक नाम तो पुढे करतो आणि क्रियापद 'आले' हेच ठेवतो. 'आले' यात कर्तृत्व अशिलाचे नसते, म्हणून सांगताना त्याला संकोच वाटत नाही. हे कौशल्य कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही. ते शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकल्याने येते, आणि कौटुंबिक पेढीला ते सहज साधते. त्याच पेढीत, उलट, ओळख फार जुनी झाली की प्रश्न विचारणेच थांबते आणि गतवर्षीचे विवरणपत्र आकडे बदलून पुढे जाते. मधल्या वर्षात गोठा वाढला किंवा नदीकाठची जमीन वीटभट्टीला गेली, तरी ते कोणी विचारलेले नसते. यावर एक साधी तोड आहे: सत्यापनापूर्वी एका पानाचा मराठी गोषवारा अशिलाला वाचून दाखवावा, आणि त्यात 'इतर उत्पन्न' असे न लिहिता 'दुधाचे', 'वीटभट्टीच्या जागेचे' असे त्याचेच शब्द असावेत.