डार्टच्या मागे कोणती रायफल?

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचा बिबट नोव्हेंबर २०२५ मध्ये मारला गेला, तेव्हापासून नसबंदी करा, दुसरीकडे हलवा, वन्यजीव कायद्यातली अनुसूची बदला, दिसला की गोळी घाला, अशा सगळ्या मागण्यांवर बोलून झालं आहे. गोळी घालणाऱ्याच्या हातात नेमकं काय असावं, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. वन विभागाने सांगितलेला घटनाक्रम असा : आधी बेशुद्धीचा डार्ट सोडला, तो चुकला, बिबट चवताळून अंगावर आला, मग नेमबाजांनी गोळी झाडली. त्याच्या सात वर्षं आधी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, यवतमाळ जिल्ह्यात बोराटीजवळ टी-१ उर्फ अवनी वाघीण पडली, तेव्हाही सांगितलेला क्रम जवळपास हाच होता. तिथे चाप ओढणारा मात्र खात्याचा माणूस नव्हता. तो हैदराबादहून बोलावलेल्या शिकाऱ्याचा मुलगा होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने पुढे त्या कारवाईत नियम डावलल्याचा ठपका ठेवला, हे वाचकांना आठवत असेलच.

अमरावती-अकोल्याला हा विषय परका नाही. अवनीच्याच दिवसांत चंद्रपूरकडून निघालेला एक तरुण वाघ धामणगाव रेल्वेच्या भागात दोन माणसं मारून पुढे बैतूलकडे गेला आणि तिथे जिवंत पकडला गेला. २०१९ मध्ये मेळघाटात सोडलेली ई-१ वाघीण माणसांवर हल्ले करू लागली, तिलाही बेशुद्ध करून गोरेवाड्याला पाठवलं. दोन्ही वेळा गोळीची गरज पडली नाही, याचा आनंद आहे. पण वडाळी-पोहऱ्याच्या जंगलातले बिबट अमरावती विद्यापीठाच्या आवारात फिरतात आणि अकोटच्या बाजूला शेताचा बांध संपतो तिथे व्याघ्र प्रकल्प सुरू होतो. अशा मुलखात पुढच्या वेळीही नशीब साथ देईल, या भरवशावर राहणं मला पटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिला हक्क डार्टचाच. पण डार्ट मारणाऱ्याच्या शेजारी योग्य रायफल घेतलेला दुसरा माणूस उभा हवा, आणि ती रायफल व तो माणूस दोन्ही वन खात्याचेच हवेत. डार्ट खात्रीने लागायला जनावर तीस-चाळीस मीटरच्या आत यावं लागतं. तो नीट बसला तरी औषध चढायला पाच-दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ जातो. तेवढा वेळ वाघ पूर्ण शुद्धीवर असतो आणि सुई टोचल्याने खवळलेला असतो. तीस मीटरचं अंतर कापायला त्याला दोन-अडीच सेकंद पुरतात. तेवढ्यात जी एक गोळी सुटेल, तिच्याबद्दल हा लेख आहे.

या प्रश्नावर सगळ्यात नेटकं लिहिणारा माणूस मेळघाटच्या शेजारीच नोकरीला होता. जेम्स फोर्सिथ हा निमाडचा सेटलमेंट ऑफिसर आणि डेप्युटी कमिशनर. धारणीच्या पुढे तापी ओलांडली की त्याचा मुलूख लागायचा. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या त्याच्या पुस्तकामुळे सातपुड्याचे अभ्यासक त्याला ओळखतात. ते पुस्तक १८७१ मध्ये निघालं आणि त्याच वर्षी जेमतेम तेहतिशीत तो गेला. त्याआधी काही वर्षं त्याने निव्वळ शिकारी रायफल आणि तिची गोळी या विषयावर एक पुस्तक लिहिलं होतं. ते फारसं कुणाला माहीत नाही, आणि माझ्या मते आजच्या वनाधिकाऱ्यांनी तेच आधी वाचायला हवं.

त्या काळी इंग्लंडात लांबट, टोकदार गोळीची चलती होती. अरुंद नळी, लांब पल्ला आणि मैदानावर हजार यार्डांवरच्या पाटीवर नेम. फोर्सिथने प्रश्न उलटा टाकला. सातपुड्यात वाघ किंवा गवा दिसतो किती अंतरावरून? पन्नास यार्ड, फार तर शंभर. मग हजार यार्डांचा पल्ला घेऊन करायचं काय? जंगलात हवं मोठं भोक, मोठा धक्का आणि मागावर ठळक पडणारं रक्त. म्हणून त्याने जुना गोल गोळाच उचलून धरला, पण तो भरपूर दारूवर उडवायचा म्हणून सांगितला.

इथे बोअर म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत बसतो ती बारा बोअर. त्याचं वजन साधारण ३८ ग्रॅम, व्यास साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. असा गोळा जोरात ढकलला की नळीतल्या पिळाच्या खाचांवरून तो घसरतो, गरगर फिरायच्याऐवजी सरळ निसटतो आणि नेम बिघडतो. फोर्सिथचा तोडगा असा की पीळच अगदी सैल ठेवायचा. चौदा बोअरला १०४ इंचांत एक फेरी. म्हणजे सव्वादोन फुटी नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळा पाव फेरीच घेणार. तेवढीही त्याला जवळच्या पल्ल्यावर सरळ ठेवायला पुरते, आणि दारू दाबून भरली तरी तो खाचा सोडत नाही. या सैल पिळाला अजूनही त्याच्याच नावाने ओळखतात.

फोर्सिथचं शस्त्र आता संग्रहालयात शोभेल, पण त्याची विचाराची वाट मला आजही बिनचूक वाटते. आधी जनावर, मग अंतर, मग गोळी, आणि बंदूक सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बंदुकीच्या गप्पा नेहमी शेवटच्या टोकापासून सुरू होतात.

१८९८ च्या सुमारास लंडनच्या रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली आणि काळी दारू, धुराचा लोट, चौदा बोअरचे गोळे हे सगळं मागे पडलं. बिनधुराच्या कॉर्डाइटवर ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला दोन हजार फुटांहून जास्त वेगाने जाऊ लागली. पण १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० च्या मापाची आयातच बंद केली. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफली याच मापाच्या होत्या. त्यातल्या कैक बंडखोरांच्या हाती होत्या, आणि शिकाऱ्यांची काडतुसं, निदान त्यातल्या गोळ्या, त्यांच्यापर्यंत पोचतील अशी धास्ती होती. मग कारागिरांनी मापं थोडी वर सरकवली, आणि .४६५, .४७०, .४७५ असे आडवे-तिडवे आकडे जन्माला आले. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत ज्या दुनळी रायफलींचं आज कौतुक होतं, त्यांची मापं वाघाची चामडी मोजून ठरलेली नाहीत. ती एका आयातबंदीने ठरवली.

.४७० ची गोळी ३२ ग्रॅमची. रायफल पाच किलोच्या घरात. दोन नळ्या, दोन चाप. पहिला बार फसला तर बोल्ट ओढण्यात वेळ न घालवता बोट मागच्या चापावर न्यायचं. अंगावर येणाऱ्या जनावरासाठी याहून चांगली व्यवस्था अजून कुणी केलेली नाही. पण ते शस्त्र हाताने घडवलेलं असतं, दोन्ही नळ्यांचा नेम एका विशिष्ट काडतुसावर जुळवलेला असतो, आणि आज त्याची किंमत सरकारी निविदेत बसणारी नाही.

शिवाय आपल्या उन्हाचा विचार करायला हवा. कॉर्डाइट तापमानाला फार हळवं. इंग्लंडच्या थंडीत जी दारू नीट वागते, तीच अकोल्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांत तापलेल्या पेटीतून काढली तर नळीतला दाब भलताच चढवते. पितळी काडतूस फुगून कोठीत घट्ट बसतं आणि दुसरा बार काढायची वेळ येते तेव्हा बोल्ट हलतच नाही. म्हणून हिंदुस्थानात पाठवायच्या काडतुसांत दारू कमी भरलेली असे. १९११ ची .४१६ रिग्बी मुद्दाम प्रशस्त काडतुसाची, त्यामुळे तिच्यात दाब कमी. १९१२ ची .३७५ हॉलंड अँड हॉलंड निमुळत्या काडतुसाची, त्यामुळे रिकामं कवच सहज बाहेर येतं. आताच्या दारूला उन्हाचा तेवढा त्रास नाही, पण थोडा आहेच. दुपारभर जीपच्या टपावर पडलेल्या काडतुसांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

बोअरइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळीचं टोक. संपूर्ण कठीण कवचाची गोळी खोल जाते पण पसरत नाही. ती टनाच्या घरातल्या रानगव्यासाठी ठीक. वाघ मोठा नर असला तरी दोनशे-सव्वादोनशे किलोचा, अंगाने मऊ. त्याला मऊ टोकाची, आत जाऊन उमलणारी गोळी हवी. लष्करी आणि पोलिसी रायफलीत कवचबंद गोळ्याच असतात, कारण युद्धात पसरणारी गोळी वापरायची नाही असं १८९९ मध्ये हेगला ठरलं. अशी गोळी मर्मावर बसली नाही तर वाघाच्या अंगातून आरपार जाते आणि वाघ चालत राहतो. पलीकडे तुरीच्या शेतात बघ्यांची गर्दी असेल, आणि आपल्याकडे ती असतेच, तर ती गोळी तिथवर पोचते. जखमी वाघ आणि मागे जखमी माणूस, दोन्ही एकाच बारात.

जिम कॉर्बेट .२७५ रिग्बी वापरायचा, तिची गोळी नऊ ग्रॅमची, असं कुणी ना कुणी इथे सांगणारच. खरं आहे. पण त्याच्याकडे .४५०/४०० ची दुनळीही होती, आणि जंगलात त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. दक्षिणेत केनेथ अँडरसन .४०५ विंचेस्टर बाळगायचा. तिची गोळी कॉर्बेटच्या गोळीच्या दुपटीहून जड. छोट्या रायफलीचं श्रेय तिच्या मालकाच्या नजरेला जातं. खात्यातल्या सर्वसाधारण चांगल्या नेमबाजासाठी तो मापदंड ठेवणं धोक्याचं आहे. उलट .४५८ विंचेस्टर मॅग्नमसारखी तोफ त्याच्या हाती देणंही चूक. तिचा धक्का असा की सरावात चार-पाच बार झाले की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला शिकतो.

मला विचाराल तर मेळघाटसाठी उत्तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड. ३०० ग्रेनची म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची मऊ टोकाची गोळी, वेग सेकंदाला अडीच हजार फूट. वाघाला भरपूर, गव्याला पुरेशी, अस्वलाला अंमळ जास्तच. खांदा ती सोसतो. बिबट्यापुरतं बोलायचं तर पन्नास-साठ किलोच्या जनावराला .३०-०६ सुद्धा पुरते, आणि वस्तीजवळ तीच बरी.

व्याघ्र प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत यातलं निम्मं लिहिलेलंच आहे. शेवटचा उपाय म्हणून मारावंच लागलं तर ते खात्यातल्या निष्णात माणसाने, योग्य बोअरच्या शस्त्राने करावं. असा माणूस नसेल तर दुसऱ्या सरकारी खात्यातून किंवा राज्यातून आणावा. बक्षीस जाहीर करू नये. योग्य बोअर कोणती, हे मात्र प्रत्येक प्रसंगी ऐन वेळेवर ठरतं. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाची परवानगी येईपर्यंत गाव पेटलेलं असतं, आणि मग ज्याच्याकडे रायफल आहे तोच तज्ज्ञ ठरतो. अवनीच्या वेळी झालं ते यातूनच, असं माझं मत आहे.

आता वाघाइतकी बातमी न होणाऱ्या जनावरांकडे. वऱ्हाडात रोज रात्री ज्या जनावरांशी शेतकऱ्याची गाठ पडते ती रोही आणि रानडुक्कर. जागलीला जाणाऱ्या परवानाधारकाकडे असते बारा बोअरची दुनळी, क्वचित इशापूरच्या कारखान्याची .३१५. बारा बोअरचं एलजी काडतूस फोडून पाहा. डाटावर मोजके सहा-आठ छर्रे, प्रत्येक नऊ मिलिमीटरचा, वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास. वीस पावलांवर ते एकत्र बसतात. चाळीस पावलांवर एखाद-दुसराच लागतो. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेची ढाल असते, तिच्यात तो छर्रा रुतून बसतो. डुक्कर मरत नाही. पऱ्हाटीच्या ओळीत शिरून पडून राहतं, आणि सकाळी निंदायला आलेल्या बाईच्या अंगावर उठतं. जखमी डुकराइतकं वाईट जनावर दुसरं नाही. .३१५ ची मऊ टोकाची गोळी या कामाला कितीतरी बरी, पण ती दीड-दोन किलोमीटरही जाऊ शकते, आणि शेजारच्या मळ्यातही कुणीतरी जागलीला असतंच.

परवानाधारकाला सरावही नाही. वर्षाला मिळणारी काडतुसं मोजकी, ती नेमबाजीत उडवणं परवडत नाही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. महिनोन्महिने न हाताळलेल्या शस्त्राने, टॉर्चच्या उजेडात, पळत्या जनावरावर बार काढायची अपेक्षा आपण एका थकलेल्या शेतकऱ्याकडून करतो.

म्हणून रोही-डुक्कर मारायच्या परवानगीचा कागद शेतकऱ्याच्या हाती ठेवून खात्याने मोकळं होऊ नये. परतवाडा, अकोट आणि अमरावती इथे एकेक रायफल, प्रत्येकी दोन नेमबाज, आणि पोलिसांच्या मैदानावर दर तिमाहीला चालत्या लक्ष्यावर सराव, एवढी सोय केली तर हीच माणसं डुकराच्या परवानगीवरही पाठवता येतील. त्यांचा हात चालता राहील, शेतकऱ्याला जखमी जनावराचा माग काढत रानात शिरावं लागणार नाही. पुढे कधी डार्ट मारणाऱ्याच्या शेजारी उभं राहायची वेळ आली, तर हैदराबादला फोन करावा लागणार नाही.