गोव्यात चित्रित झालेला हॉलीवूडपट बघायचा कुठे? जुन्या थिएटरचा हिशेब काय सांगतो

पेडणे/डिचोली : ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर हल्ला झाला. हे जहाज गुप्त ट्रान्समीटरवरून पाणबुड्यांना दोस्तराष्ट्रांच्या जहाजांची खबर देते, असा ब्रिटिशांचा संशय होता. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ. त्यामुळे उघड सैन्य पाठवणे शक्य नव्हते. अखेर ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळातल्या, वयाने उतरणीला लागलेल्या गड्यांना ही कामगिरी दिली गेली. ही हकीकत १९७८ मध्ये जेम्स लीझरच्या पुस्तकातून सर्वांपुढे आली. १९८० मध्ये त्यावर ‘द सी वुल्व्ह्ज’ हा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन असे तिघे मातब्बर नट त्यात होते आणि बरेचसे चित्रीकरण गोव्यातच झाले.

मोबाईलवर असे जुने चित्रपट शोधले तर मिळतातही. पण मोठ्या पडद्यावर बघायचे तर पेडणे-डिचोलीच्या माणसाने जायचे कुठे?

पेटी, रीळ आणि ठिपका

जुन्या थिएटरात चित्रपट पत्र्याच्या पेटीतून यायचा. ३५ मिलिमीटर फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट पळते. दोन तासांचा चित्रपट म्हणजे १०,८०० फूट फिल्म. दोन हजार फुटांचे एक रीळ साधारण २२ मिनिटे चाले. म्हणून केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असत. एक रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसे. ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी, पुन्हा ठिपका दिसताच चित्र तिकडे वळवी. हात चुकला की खाली शिट्ट्या!

मध्यंतराचीही गंमत होती. बहुतेक हॉलीवूडपट मध्यंतर न धरता बनवलेले, पण आपल्याकडे चहा-वड्याला वेळ हवाच. मग ऑपरेटर सोयीच्या जागी चित्रपट थांबवी. ‘बेन-हर’सारख्या लांबलचक चित्रपटांना मात्र मूळचेच मध्यंतर होते.

लहान गावांत इंग्रजी चित्रपट बहुधा सकाळच्या खेळाला लागत, तेही शहरात चालून गेल्यावर. तिकीट कमी आणि वितरकाचे भाडेही कमी, त्यामुळे मालकाला परवडे. आधी टीव्ही-व्हिडिओने आणि मग मल्टिप्लेक्सने तो प्रेक्षक नेला. पुढे प्रोजेक्टर डिजिटल झाले आणि यंत्र बदलण्याचा खर्च न झेपलेल्या अनेक थिएटरांना कुलूप लागले.

कर कमी झाला, मग अडते कुठे?

शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. याने जुनी थिएटरे तरतील का, ते आकड्यांत पाहू. समजा ३०० खुर्च्यांचे थिएटर आहे, करासह तिकीट ९० रुपये आणि आले ४० जण. गल्ला ३,६०० रुपये. पूर्वी त्यातून सुमारे ३८६ रुपये करात जात, आता १७१. म्हणजे खेळामागे वाचले जेमतेम २१५. उरलेल्या रकमेत वितरकाचा वाटा निम्मा धरला तर मालकाच्या हाती १,७०० च्या आसपास राहतात. त्यातच वीज, पगार आणि साफसफाई भागवायची. तेच थिएटर भरले तर गल्ला २७,००० वर जातो. म्हणजे खरे दुखणे रिकाम्या खुर्च्यांचे आहे.

हौशी मंडळांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरची डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी म्हणजे जाहीर खेळाचा परवाना नव्हे. त्यासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते.

आज काय शक्य आहे?

पणजीतले अशोक-सम्राट हे जुने थिएटर नव्या रूपात इफ्फीच्या खेळांसाठी वापरले गेले. मुंबईत १९३३ मध्ये लॉरेल-हार्डीच्या चित्रपटाने उघडलेल्या रीगलमध्येही ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ने दुरुस्त केलेले जुने चित्रपट दाखवले आहेत. दोन्हीकडचे सूत्र सारखेच : ठरलेला दिवस, निवडक चित्रपट आणि आधीच गोळा केलेला प्रेक्षक.

आपल्या भागात हे जमायला राज्याची सीमा आड येऊ नये. पेडण्याला सावंतवाडी जवळ, डिचोलीला दोडामार्ग. एकेका गावात ४० रसिक असले तरी चार गावांचे १६० होतात. अर्धे थिएटर तिथेच भरले! वाचनालये, महाविद्यालये आणि नाट्यमंडळांनी महिन्याचा एक रविवार ठरवून तिकिटांचे पैसे आधी जमवले, तर मालकाला धोका उरत नाही. खेळ मात्र दुपारचा हवा. रात्री उशिरा सुटला तर परतीच्या बसची पंचाईत.

पहिला खेळ कोणता लावायचा, हा प्रश्न मुरगाव बंदराने १९४३ मध्येच सोडवून ठेवला आहे.