भूकंप आणि तेलवाहिन्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भूकंपात तेलाची पाइपलाइन फुटली, तर तेल नदी-ओढ्यांत उतरते आणि मासे, पक्षी, शेती, पिण्याचे पाणी या सगळ्यांना त्याची झळ बसते. पण हा धोका नेमका कुठून येतो, याविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : मोठा भूकंप झाला की पाइपलाइन फुटणारच.
वस्तुस्थिती : ३ नोव्हेंबर २००२ रोजी अलास्कात ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. ट्रान्स-अलास्का पाइपलाइन जिथे डेनाली भ्रंश (भूकवचातील भेग) ओलांडते, तिथे जमीन चार मीटरहून अधिक सरकली. तरीही तेलाचा थेंब सांडला नाही. भ्रंश कुठे आहे हे बांधणीआधीच ठाऊक होते. म्हणून तिथे पाइप जमिनीत पुरला नाही, तर लांब पोलादी तुळयांवर सरकता ठेवला. जमीन हलली, तसा तोही हलला.

गैरसमज : पाइप तुटतो तो हादऱ्यांनी.
वस्तुस्थिती : चांगल्या जोडांचा पोलादी पाइप हादरे बहुधा सोसतो. त्याला तोडते ती घसरणारी, खचणारी जमीन. ५ मार्च १९८७ रोजी इक्वेडोरमध्ये ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. ऊर्जेच्या हिशेबात तो अलास्काच्या भूकंपाच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्शाचा. पण रेव्हेंटाडोर ज्वालामुखीजवळचे डोंगर आधीच्या पावसाने भिजलेले होते. दरडी आणि चिखलाचे लोंढे खाली आले, सुमारे हजार माणसे दगावली. मुख्य तेलवाहिनी कित्येक किलोमीटर उखडली गेली आणि देशाची तेलनिर्यात काही महिने ठप्प झाली.

गैरसमज : वाहिनी इतकी वर्षे टिकली, म्हणजे पुढेही टिकेल.
वस्तुस्थिती : १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा एका जुन्या वाहिनीचे गॅस-वेल्डिंगचे सांधे उकलले आणि कच्चे तेल सांता क्लारा नदीत गेले.

गैरसमज : झडपा बंद केल्या की धोका टळला.
वस्तुस्थिती : दोन झडपांमध्ये अडकलेले तेल उतारावरून फुटलेल्या जागी येतच राहते. म्हणून नदीच्या दोन्ही काठांवर झडपा असणे मोलाचे. शिवाय तपासणीही हवीच : २००२ मध्ये अलास्कात पाइप शाबूत राहिला, पण त्याचे काही आधार मोडले होते. सुमारे तीन दिवस तेल थांबवून तपासणी केल्यावरच वाहिनी पुन्हा सुरू झाली.

भूकंप आपल्या हातात नाही. वाहिनीचा मार्ग, तिचे जोड आणि तिची देखभाल आपल्या हातात आहे. आपल्या परिसरातून तेलवाहिनी जाणार असेल, तर एवढे जरूर विचारा : ती भ्रंश, ठिसूळ उतार आणि नदी कुठे ओलांडते, आणि तिथे काय तजवीज केली आहे?