विषाणूला आयती सापडलेली वाट

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीचा हुकूम निघाला आणि बमरोली, पांडेसरा, उधना या सुरतेच्या वस्त्यांतील यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट थांबला, तेव्हा खानदेशातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना १९९४ च्या प्लेगाची आठवण होणे स्वाभाविक होते. परंतु प्लेगाचा जिवाणू पेशीबाहेरही स्वतःच्या बळावर वाढतो. करोनाच्या विषाणूला मात्र, स्वतःचा कारखानाच नसल्यामुळे, पेशीत शिरल्याखेरीज आपली एकही प्रतिकृती काढता येत नाही.

श्वसनमार्गातील काही पेशींच्या पृष्ठभागावर एसीई-२ नावाचे प्रथिन असते. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ या द्रव्याचे रूपांतर करून रक्तदाब आवाक्यात ठेवणे, ही त्याची मूळ कामगिरी; विषाणूच्या स्वागताशी तिचा सुतराम संबंध नाही. तथापि विषाणूच्या अंगावरील काट्याचे टोक त्याला नेमके चिकटते. २००३ साली सार्सच्या विषाणूचाही ग्राही हाच असल्याचे उघड झाले होते, त्यामुळे यावेळी शोधाला फार वेळ लागला नाही.

चिकटणे म्हणजे प्रवेश नव्हे. शेजारीच असलेले टीएमपीआरएसएस-२ हे विकर काट्याला ठरावीक जागी छेद देते. मग काट्याचा आत दडलेला भाग उलगडून पेशीच्या पटलात रुततो, दुमडून मागे येतो आणि दोन्ही पटले एकमेकांकडे ओढून त्यांचा मिलाफ घडवितो. हे विकर नसेल तर पेशी विषाणूला एका सूक्ष्म पिशवीत गिळते, आणि तेथील आम्लाच्या साहाय्याने दुसरी विकरे तोच छेद देतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांचा त्या काळी झालेला बोलबाला आठवावा! माकडाच्या मूत्रपिंडपेशींत ते औषध गुणकारी दिसले, कारण तेथे विषाणू पिशवीच्या वाटेने जातो व औषध नेमकी तिच्यातील आम्लता मोडते; पण मानवी फुप्फुसाच्या पेशींत पहिली वाट खुली असल्याने विषाणूला त्या अडथळ्याची पर्वा करण्याचे कारणच उरले नाही. प्रयोगशाळेतील पेशी कोणत्या, हा प्रश्न आपण त्यावेळी पुरेशा आग्रहाने विचारला नाही, असे माझे मत आहे.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत थैमान घालणाऱ्या डेल्टाच्या काट्यात ६८१ व्या स्थानी प्रोलिनऐवजी आर्जिनिन आले होते. त्यामुळे फ्युरिन हे विकर, विषाणू जन्मदात्या पेशीतून बाहेर पडण्यापूर्वीच, काट्याचा आरंभीचा छेद अधिक सफाईने उरकून टाकत असे, आणि नवा विषाणू पुढच्या पेशीपाशी पोहोचताना जय्यत तयार असे.