यूईएफआय फर्मवेअर आणि आभासी यंत्रे : कमांड लाइनद्वारे संचालनाचे विवेचन

प्रस्तावना

आंबी नदीवरील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फोडले आणि पाणी पुणे शहरात शिरले. पानशेत व पुणे यांच्या दरम्यान, खडकवासला येथेच, केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई प्रांताने १९१६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत धरणे, सांडवे व बंदरे यांच्या लहान प्रतिकृतींवर पाण्याच्या वर्तनाचा अभ्यास होतो. मूळ रचनेवर प्रयोग करणे परवडत नसेल तेथे तो प्रतिकृतीवर करावा, हे त्यामागील तत्त्व होय. संगणकशास्त्रात हेच कार्य आभासी यंत्र करते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत संगणक बूट होण्याची प्रक्रिया बहुधा फळ्यावर आकृती काढूनच शिकवली जाते. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष यंत्रातील बूट-क्रम बदलला किंवा डिस्कचे विभाजन पुसले, तर पुढच्या तुकडीचा तास बुडतो, ही भीती रास्त आहे. आभासी यंत्रामुळे ती दूर होते. मात्र त्यासाठी फर्मवेअर व त्याची स्मृती यांचा संबंध स्पष्ट असावा लागतो. तो स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. आज्ञांतील शब्द येथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीत टंकित करावे लागतात.

बायोसकडून यूईएफआयकडे

वीज सुरू होताच संगणकाचे घटक तपासून परिचालन प्रणालीला जागे करणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून हे काम बायोसकडे होते. बायोस डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमधील सूचना वाचून नियंत्रण त्यांच्याकडे सोपवत असे. त्या जोडीची विभाजन-सारणी सुमारे २ टेराबाइटच्या पलीकडील डिस्क हाताळू शकत नव्हती. इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या पद्धतीवर काम सुरू केले. २००५ मध्ये यूईएफआय फोरम स्थापन होऊन ती सर्व उत्पादकांची समाईक प्रणाली झाली.

यूईएफआयमध्ये फर्मवेअरला फाइल-प्रणाली वाचता येते. डिस्कवरील एका स्वतंत्र फॅट विभाजनातील बूट-फाइल ते थेट चालवते. कोणती फाइल चालवायची, याची नोंद मात्र डिस्कवर नसते. ती फर्मवेअरच्या स्वतःच्या स्थायी स्मृतीत, चलांच्या रूपाने असते. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच भेद आहे.

आभासी यंत्रातील फर्मवेअर : दोन फाइली

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसृत केलेली क्यूएमू आणि २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झालेले केव्हीएम, ही जोडी लिनक्सवरील आभासीकरणाचा आधार आहे. नेहमीच्या पीसीची प्रतिकृती उभारताना क्यूएमू स्वतःहून सीबायोस हे जुन्या पद्धतीचे फर्मवेअर वापरते. यूईएफआय हवे असल्यास टियानोकोर प्रकल्पातील ओव्हीएमएफ हे फर्मवेअर स्पष्टपणे सांगावे लागते.

ओव्हीएमएफ दोन फाइलींत मिळते. ‘कोड’ या फाइलीत प्रत्यक्ष आज्ञावली असते. ती सर्व यंत्रांना समाईक व केवळ वाचनीय ठेवावी. ‘व्हार्स’ या फाइलीत चलांची रिकामी चौकट असते. ती नमुना मानून प्रत्येक यंत्रासाठी तिची स्वतंत्र, लेखनक्षम प्रत काढावी. पाठ्यपुस्तक वर्गाला एकच चालते, वही मात्र प्रत्येकाची वेगळी असावी लागते. तसाच हा प्रकार आहे. दोन्ही फाइली एकाच आकाराच्या जातीच्या असणेही आवश्यक आहे. ‘४एम’ अशी खूण असलेल्या कोडला त्याच खुणेची व्हार्स फाइल लागते.

आज्ञेची रचना

आरंभी प्रत्यक्ष संगणकाच्या फर्मवेअरमध्ये प्रोसेसरची आभासीकरण-सुविधा सुरू असल्याची खात्री करावी. ती बंद असल्यास क्यूएमू चालते, पण फार मंद. त्यानंतरची आज्ञा पाच भागांत समजून घेता येते. पहिल्या भागात यंत्राचा प्रकार ‘क्यू३५’ व वेगवर्धक ‘केव्हीएम’ सांगितला जातो. दुसऱ्यात स्मृती व प्रोसेसर-गाभ्यांची संख्या येते. तिसऱ्यात ‘ड्राइव्ह’ या पर्यायाखाली, ‘पी-फ्लॅश’ प्रकाराने, ‘रॉ’ स्वरूपातील कोड फाइल केवळ वाचनीय म्हणून जोडली जाते. चौथ्यात त्याच प्रकाराने व्हार्सची प्रत जोडली जाते, मात्र लेखनास मुभा ठेवून. पाचव्यात डिस्क व स्थापनेची आयएसओ फाइल येते. तिसऱ्या व चौथ्या भागांचा क्रम उलटू नये.

या टप्प्यावर तीन चुका वारंवार संभवतात. मूळ नमुना व्हार्स फाइलच जोडल्यास सामान्य वापरकर्त्याला लेखनाची परवानगी नाकारली जाते. एकच प्रत दोन यंत्रांना जोडल्यास दुसरे यंत्र सुरू होताना लेखनकुलूप मिळत नसल्याचा संदेश येतो. ‘बायोस’ या पर्यायाने ओव्हीएमएफची एकत्रित फाइल दिल्यास यंत्र सुरू होते, परंतु चलांना फ्लॅशमध्ये स्थायी जागा मिळत नाही. ही तिसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती प्रथमदर्शनी दिसत नाही.

कमांड लाइनचा लाभ येथे ध्यानात येतो. आज्ञा मजकुराच्या स्वरूपात असल्याने ती जतन करता येते, तपासता येते व पुन्हा जशीच्या तशी चालवता येते. एक मूळ डिस्क स्थिर ठेवून तिच्यावर ‘क्यूएमू-इमेज’ या साधनाने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी लहान आच्छादन-डिस्क व सोबत व्हार्सची एक प्रत तयार केल्यास, तीस विद्यार्थ्यांची तीस यंत्रे एका छोट्या पटकथेतून उभी राहतात. ओव्हीएमएफ आपला मजकूर सीरियल कन्सोलवरही पाठवते. त्यामुळे मंद जोडणीवरूनही दूरस्थ सर्व्हरवर हा प्रयोग करता येतो.

सिक्युअर बूट

सिक्युअर बूट ही सुविधा बूट-फाइलीवरील सही फर्मवेअरमधील प्रमाणपत्रांशी पडताळते. आभासी यंत्रात तिच्यासाठी सिक्युअर बूटचे समर्थन असलेली कोड फाइल, प्रमाणपत्रे आधीच नोंदवलेली व्हार्स फाइल आणि यंत्रप्रकारात ‘एसएमएम’ सुरू असणे आवश्यक असते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही लागते; ‘एसडब्ल्यू-टीपीएम’ हे साधन त्याची प्रतिकृती पुरवते.

हा विषय आज केवळ अभ्यासापुरता नाही. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदत २०२६ च्या जून ते ऑक्टोबर या काळातली असून त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेतात. मुदत संपल्याने यंत्र तत्काळ बंद पडत नाही; परंतु जुन्याच प्रमाणपत्रांवर राहिलेल्या यंत्राला बूट-घटकांच्या पुढील सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत. प्रयोगशाळेतील यंत्रांवर असे बदल करण्यापूर्वी त्यांची रंगीत तालीम आभासी यंत्रावर करणे शहाणपणाचे ठरते.

जतन व पुनःस्थापन

बायोसच्या काळात डिस्कची प्रत म्हणजे यंत्राची प्रत, हे समीकरण पुरेसे होते. यूईएफआयमध्ये ते अपुरे ठरते. केवळ डिस्क दुसऱ्या सर्व्हरवर नेली आणि व्हार्स फाइल मागे राहिली, तर बूट-नोंद हरवते. अशा वेळी फर्मवेअर डिस्कवरील ठरावीक पर्यायी फाइल शोधते. ती नसल्यास यंत्र अखेर यूईएफआय शेलमध्ये येऊन थांबते. शेलमधून बूट-फाइल हाताने चालवता येते व नंतर लिनक्समधील ‘ईएफआय-बूट-मॅनेजर’ने नोंद पुन्हा करता येते. हा प्रसंग मुद्दाम घडवून विद्यार्थ्यांकडून सोडवून घेणे, हाच या विषयाचा उत्तम प्रात्यक्षिक पाठ होय. टीपीएमची स्थिती हरवल्यास मात्र कूटबद्ध डिस्क पुनर्प्राप्ती-कळ मागते. ती नसेल तर विदा परत मिळत नाही.

लिबव्हर्ट वापरणाऱ्यांसाठी ‘व्हर्ट-इन्स्टॉल’मधील ‘बूट यूईएफआय’ हा पर्याय वरील मांडणी आपोआप करतो. अशा यंत्राची व्याख्या ‘व्हर्श’ने काढून टाकताना चलांची फाइल ठेवायची की पुसायची, हे स्पष्ट सांगितल्याविना आज्ञा नाकारली जाते. ही अडवणूक नसून संरक्षण आहे.

निष्कर्ष

१. यूईएफआय आभासी यंत्र म्हणजे डिस्क, व्हार्स फाइल व असल्यास टीपीएमची स्थिती यांचा संच होय. जतन करताना हा पूर्ण संच व यंत्र सुरू करणारी आज्ञा एकत्र ठेवावी.

२. कोड समाईक व वाचनीय, व्हार्स स्वतंत्र व लेखनक्षम, हा नियम पाळल्यास बहुतेक अडचणी उद्भवत नाहीत.

३. बूट-प्रक्रियेचे प्रात्यक्षिक आभासी यंत्रावर घेतल्यास विद्यार्थ्याला चुकण्याची मोकळीक मिळते आणि त्या चुकीची किंमत एका फाइलीची नवी प्रत काढण्यापुरतीच राहते.